कटिंग मोफत, शिलाई माफक

मरियाबाई चक्रनारायण पहाटे गेली, आणि सकाळचा चहा व्हायच्या आत गल्लीतल्या बायकांपुढं एक अडचण उभी राहिली. तिला घालायचा ब्लाउज कापणार कोण?

बाकी सगळं जागच्या जागी होतं. मुलगी एंजेला पुण्याच्या एका हॉस्पिटलात नर्स होती, ती रजा काढून आईच्या उशाशीच बसून होती. पाळकसाहेब येऊन प्रार्थना करून गेले होते. दुपारी चर्चमध्ये उपासना आणि मग दफन, असं ठरलं होतं. पेटी सांगून झाली होती. पांढरं पातळ मरियानंच कधीपासून ट्रंकेत घडी करून ठेवलं होतं, आणि त्या पातळाच्या पोटात पांढऱ्या टू बाय टू रुबियाचं ब्लाउजपीस होतं. न कापलेलं. अख्ख्या नेवाशाचे ब्लाउज कापणाऱ्या बाईनं स्वतःचा शेवटचा तेवढा ठेवून दिला होता. कुणी विचारलं की म्हणायची, "आत्ता कापून ठेवायचा आणि मग मी वाळले तर? माप त्या दिवसाचंच खरं."

आता तो दिवस आला होता. कापड रतनबाईच्या मांडीवर होतं, मरियाची मोठी कात्री तिच्या हातात होती, आणि रतनबाईनं आजवर कापड कापलं होतं ते एकदाच. त्या एका वेळची गोष्ट तिनं नवऱ्यालासुद्धा कधी सांगितली नव्हती.

रतनबाई म्हणजे शेजारीण, भिंतीला भिंत लागून. साठी उलटलेली, अंगानं भरलेली आणि जिभेनं त्याहून भरलेली. नवरा सहादेव साखर कारखान्याच्या काट्यावर उसाच्या गाड्यांची वजनं घेत म्हातारा झाला आणि आता घरी बसून बायकोच्या शब्दांची घेत होता. रतनबाईला शिवण येत होतं, चांगलं येत होतं. कापायला मात्र येत नव्हतं. आणि ही गत तिच्या एकटीची नव्हती. मरियाच्या दारात त्या सकाळी पदर तोंडाला लावून जेवढ्या बायका बसल्या होत्या, त्या सगळ्यांना बाही जोडता येत होती, गळ्याला पट्टी लावता येत होती, हूक तर अंधारातसुद्धा लावले असते. कात्री म्हटली की सगळ्याजणी एकमेकींकडं बघत होत्या.

याला कारण खुद्द मरिया होती.

तिचा नवरा योहान टेम्पो चालवायचा. एंजेला शाळेत जात असतानाच तो आजाराचं निमित्त होऊन गेला. मरियानं रडून घेतलं, मग पुढच्या खोलीतला पलंग मागं ढकलला, मशीन पुढं ओढली आणि दुकान थाटलं. गिऱ्हाईक फिरकेना. बाजारपेठेत दोन जुने टेलर होते, त्यांचं नाव होतं. ही चर्चच्या मागच्या गल्लीत, एका बाजूला रतनबाईचं घर आणि दुसऱ्या बाजूला बोळ. कुणाला कळणार? तेव्हा मरियानं डोकं चालवलं. चर्चच्या खिडक्यांना लावून उरलेला निळा रंग मागून आणला आणि पत्र्याच्या तुकड्यावर आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं: मरिया लेडीज टेलर. कटिंग मोफत, शिलाई माफक.

पाटी वाळत घातली होती तेव्हा रतनबाई भिंतीवरून डोकावली.

"मोफत? डोकं फिरलं का काय तुझं?"

"या इकडं, चहा टाकलाय," मरिया म्हणाली. आणि मग तिनं आपला धंद्याचा हिशोब बशीत ओतून समजावून सांगितला. "हे बघा रतनबाई, बाईला शिलाईची भीती नसते, भीती असते कात्रीची. टीप चुकली तर उसवता येते. कापड चुकलं की गेलं. ती भीती मी फुकट काढून घ्यायची. एकदा कापून झालं की बाई जाणार कुठं? दोन बाह्या आणि अर्धी पाठ काखेत मारून घरी जाईल का?"

रतनबाईला ते अगदी पटलं. "न्हाई जायाची," ती म्हणाली. "कोन जाईल?"

आणि पहिली तीच गेली.

झालं असं, की त्याच वर्षांत बचत गटातून घरोघरी शिलाई मशिनी आल्या होत्या. आल्या म्हणजे, येऊन उभ्या होत्या. वरती क्रोशाचं झाकण, झाकणावर टीव्ही, टीव्हीवर फुलदाणी. कापायला येत नाही म्हणून शिवायचं काही नाही. रतनबाईनं हिरवं खणाचं कापड मरियाकडून कापून घेतलं, आणि तुकडे हातात आल्यावर तिला सुचलं, "हूक लावायला मी घरी बसनारच हाय, तवा टिपा बी मारून टाकीन. तुला कशाला तरास?"

मरिया हसली. तिनं तुकडे एकात एक घातले, उरलेली कतरण वेगळी बांधली आणि गाठोडं हातात दिलं. टेलरकडं टाकलेल्या कापडाची कतरण परत येते हे रतनबाईनं जन्मात पहिल्यांदा बघितलं. तरी घरी जाऊन तिनं ती पसरून, जुळवून पाहिली. काही कमी नव्हतं.

रतनबाईमागून कडूबाई गेली. कडूबाई बोळाच्या पलीकडची, हातगाडीवर भाजी विकणारी. तिचं म्हणणं पडलं की रतनबाई नेते तर मी काय पाप केलंय. मग चर्चमधल्या बायका, मग त्यांच्या जावा, मग नदीपलीकडच्या नेवासा बुद्रुकच्या बायका. महिन्या-दोन महिन्यांत गल्लीतल्या सगळ्या मशिनी धडधडायला लागल्या, एक मरियाची सोडून.

दुसरी एखादी असती तर पाटी उचलून बोळात फेकली असती. मरियानं फेकली नाही. बाया दुपारी कापड घेऊन यायच्या, तिच्या कापायच्या पाटाभोवती बसायच्या. ती गळ्यात टेप अडकवून, अंघोळीच्या साबणाचा झिजून पातळ झालेला तुकडा चिमटीत धरून कापडावर रेघा ओढायची. खडू ती वापरत नसे. खडूचा डाग राहतो, साबण धुतला की जातो, असं तिचं मत. पांढऱ्या कापडावर साबण दिसत नाही, तिथं ती अंगठ्याच्या नखानं ओरखडा काढायची. कात्री चालायची आणि बायांची तोंडं चालायची. कुणाची सून नांदत नाही, कुणाच्या म्हशीनं दूध चोरलं, कुणाला फॅक्टरीत लावतो म्हणून कोण बुडवून गेलं, सगळं त्या पाटावर यायचं. मरिया ऐकून घ्यायची आणि मध्येच म्हणायची, "हात वर करा. श्वास सोडा. एवढा नका सोडू, नंतर घ्यायचाय."

तिचं पोट चालायचं ते फॉल-पिकोवर, शाळेच्या गणवेशांवर आणि लग्नानंतर फुगलेल्या बायकांचे ब्लाउज उसवून सैल करून देण्यावर. त्यासाठी कापतानाच ती शिवणीच्या आत दोन बोटं जादा कापड, म्हणजे माया, सोडून ठेवायची. त्यातच एंजेला नर्सिंगला गेली, शिकली, कमावती झाली. ओढाताण झाली, ती भिंतीपलीकडं ऐकू येत नव्हती.

सहादेवाला मात्र ती दिसायची. "तुमी समद्या जनी मिळून त्या बाईला बुडवताय," तो जेवताना म्हणायचा.

"ती सोताच पाटी लावून बसलीया, आमी काय करनार?" रतनबाई भाकरी त्याच्या ताटात जरा जोरात टाकायची. पण रात्री अंगावर गोधडी घेताना, मरियाच्या कतरणीतून शिवलेली ती गोधडी, तिला जरा जड वाटायची.

एकदा तिनं ठरवलं की आता फुकटचं घ्यायचं नाही. म्हणजे शिलाई द्यायची असं नाही, कापायचंही आपणच. भाच्याच्या लग्नासाठी घेतलेलं जरीकाठाचं जांभळं कापड तिनं दार लावून घेऊन कापलं. पाठ बरी आली, पुढचंही बरं आलं. बाह्या जोडायला घेतल्या आणि लक्षात आलं की दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या आहेत. कापड संपलं होतं. लग्न दोन दिवसांवर आलं होतं. रतनबाई पदराखाली गाठोडं लपवून शेजारी गेली, तुकडे पाटावर ठेवले आणि भिंतीकडं तोंड करून बसली.

मरियानं तुकडे उलटेपालटे केले. मग म्हणाली, "रतनबाई, देवबापानं तुम्हाला दोन उजवे हात दिलेत, मला इतकी वर्षं कळलंच नाही."

दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मरियानं काठाची पट्टी काखेत जोडून बाही अशी फिरवली, की लग्नात तीन बायांनी तो नमुना विचारून घेतला. ती गोष्ट त्या दोघींतच राहिली.

त्याच दिवशी रतनबाई म्हणाली होती, "मला कापायला शिकव की."

मरिया दात दिसतील इतकं हसली. "शिकवलं तर तुम्ही यायच्या कशाला?"

थट्टाच होती. पण पुढं कधी कुणी शिकव म्हटलं, तेव्हाही तिनं तेच उत्तर दिलं. कटिंग तिनं सगळ्यांना वाटलं. कसं कापायचं ते कुणाला दिलं नाही. ते दिलं असतं तर पाटाभोवती उरलं कोण असतं?

आणखी एक काम ती फुकट करायची, त्याची पाटी नव्हती. चर्चमधलं कुणी बाईमाणूस गेलं की पांढरा ब्लाउज तीच शिवायची, शिलाईसकट. अशाच एका म्हातारीचा ब्लाउज कापताना रतनबाई जवळ बसली होती. मरियानं पाठ मधोमध दुभंगली तशी रतनबाई म्हणाली, "अगं, उलटा कापतीस का काय?"

"उलटा नाही. गेलेल्या माणसाचं पाठीकडून उघडं ठेवायचं. मागं नाड्या बांधायच्या, पुढं हूक नुसते दाखवायला. म्हणजे हात मुरगाळावे लागत नाहीत." तिनं साबण खाली ठेवला. "बाईला जन्मभर सगळ्यांनी ओढलेलंच असतं. आता कशाला?"

रतनबाईनं ते ऐकलं होतं आणि विसरली नव्हती.

स्नेहलचं लग्न ठरलं तेव्हा रतनबाई भिंतीवरून नाही, दारातून आली. स्नेहल तिची एकुलती एक मुलगी. "मरिया, पोरीचे समदे बिलाऊज तुज्याकडं. शिलाईसकट. ह्या येळेला मी काय बी घरी नेनार न्हाई."

मरियानं नुसती मान हलवली. पण दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून मशीनला तेल घातल्याचा, चाक फिरवून बघितल्याचा आवाज आला. बाजारात जाऊन तिनं रंगीत दोऱ्यांची रिळं आणली, स्नेहलच्या साड्या बघून, एकेकीला जुळणारी. खिडकीत रांगेनं मांडून ठेवली.

स्नेहल नगरला कॉलेजात होती. एसटीच्या पाटीवर आता अहिल्यानगर आलं असलं तरी गल्लीत ते अजून नगरच आहे, आणि नगरला बुटिक होतं. "आई, मरियामावशीचे गळे दोनच," स्नेहल म्हणाली, "गोल आणि चौकोनी." साड्या बॅगेत घालून ती घेऊन गेली. रतनबाई तिच्याशी भांडली, हरली आणि मग तिनं जगातलं सगळ्यात सोपं काम केलं. मरियाला काही सांगितलंच नाही. आठ-पंधरा दिवस भिंतीकडं पाठ करून धुणं वाळत घातलं. मरियानंही विचारलं नाही.

लग्नाच्या दिवशी मांडवाच्या मागच्या खोलीत नवरी उभी होती आणि बुटिकचा ब्लाउज तिच्या खांद्यावर राहीना. पाठीला नुसत्या दोऱ्या, खांदा गळ्यातून घसरून दंडावर. बाहेर माईकवर मामाला बोलावणं चाललं होतं. कडूबाई पिनांचा डबा शोधत होती. मरिया पाहुण्यांत बसली होती, ती उठून आली, स्नेहलच्या मागं उभी राहिली आणि पर्समधून सुई काढली. मग रीळ काढलं. शालूच्या रंगाचं, अगदी त्याच रंगाचं.

रतनबाईनं ते रीळ ओळखलं.

मरियानं चार टाके घातले, दोरा दातानं तोडला आणि स्नेहलच्या पाठीवर थोपटून म्हणाली, "जा, आता घसरणार नाही." रतनबाईकडं तिनं बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं, असं रतनबाईला कितीतरी वेळा वाटून गेलं.

त्यानंतर गिऱ्हाईक कमीच होत गेलं. पोरी कुर्ते घालायला लागल्या, बायका घरात गाऊनवर राहायला लागल्या, ब्लाउज हवाच असला तर तयार मिळायला लागला. पाटाभोवती कधी तिघी, कधी दोघी. शेवटी एकटी रतनबाई, तीही कापड नसताना, वाटीतून काहीतरी झाकून आणल्याच्या निमित्तानं. पाटीवरचा निळा रंग उडाला, "माफक" गेलं, "मोफत" राहिलं.

मग मरियाचं पोट दुखायला लागलं. नगरला दाखवलं, पुण्याला नेलं, परत आणलं. एंजेला म्हणाली पुण्यातच राहा. मरिया म्हणाली, "तिथं मला कोण ओळखतं?"

गेल्या थंडीत रतनबाई दोन नवी ब्लाउजपिसं घेऊन तिच्या खाटेशी आली. एक खणाचं, एक साधं. तिनं ती मरियाच्या मांडीवर ठेवली आणि घरून पाठ करून आणलेलं वाक्य बोलली.

"शिवून दे. मी शिलाई देनार हाय. तू म्हनशील ती."

मरिया कापडावरून हात फिरवत राहिली. पायांनी मशीन मारायचे दिवस तिचे संपले होते; उठून मोरीपर्यंत जाताना ती भिंत धरायची. हे रतनबाईला रोज दिसत होतं. तरी त्या दिवशी ती शिलाईसाठी कापड घेऊन आली होती, कारण तोवर कधी आली नव्हती.

"शिलाई आता राहिली, रतनबाई," मरिया म्हणाली. "कटिंग करून देते. पाट आणा."

तिनं खाटेवरच पाट मांडीवर घेतला. आणि त्या दिवशी तिनं जन्मात कधी केलं नव्हतं ते केलं. कापता कापता सांगत गेली. "हे बघा. पाठ आधी. मग पुढचं. बाही शेवटी, उरलेल्यात बाही बसते. काखेचा गोल, म्हणजे हा मुंडा, इथं घाई नाही करायची. बघताय ना?"

रतनबाई बघत नव्हती. डोळे भरले होते, आणि ते मरियाला दिसू नयेत म्हणून ती खिडकीकडं बघून स्नेहलच्या सासूबद्दल, कांद्याबद्दल, सहादेवाच्या गुडघ्याबद्दल अखंड बोलत सुटली होती. मरियानं तिला दोनदा हाक मारली. "इकडं बघा." ती म्हणाली, "बगते की," आणि पुन्हा कांद्यावर गेली.

तुकडे, कतरण, गाठोडं. नेहमीसारखं हातात आलं.

मरिया तेव्हा आपल्याला शिकवत होती हे रतनबाईला आज कळलं, मांडीवर पांढरं कापड घेऊन बसल्यावर.

दारात बायकांची कुजबुज चालली होती. कडूबाईच्या सुनेनं बाजारातून पांढरा तयार ब्लाउज आणला होता, प्लास्टिकच्या पिशवीत, आत पुठ्ठा घातलेला. एंजेलानं तो हातात घेऊन पाहिला. रडून तिचा चेहरा सुजला होता, पण आवाज नर्सचा होता, शांत. "मावशी, आता हात वळणार नाहीत. मागून कापून घालावा लागेल. आम्ही हॉस्पिटलात तसंच करतो."

"फाडून?" रतनबाई म्हणाली.

"दिसत नाही काही. पातळ असतं ना वरून."

"तिला दिसंल," रतनबाई म्हणाली. "मरियाला फाडलेला बिलाऊज घालून धाडायचं? तिच्या सोताच्या दुकानातून?" तिनं पुठ्ठ्यासकट पिशवी बाजूला सारली. "मी कापते."

मापाला मरियाचा जुना ब्लाउज काढला, तर त्यात आताच्या दोन मरिया मावल्या असत्या. टेप आणली, पण टेपेवरचे आकडे रतनबाईच्या काही कामाचे नव्हते. इतक्या वर्षांत स्वतःचं मापसुद्धा तिनं कधी विचारलं नव्हतं. ते मरियाला माहीत असायचं. मग ती कापडच घेऊन आत गेली. मरिया पलंगावर होती, केस विंचरलेले, हनुवटीला पांढरी पट्टी. रतनबाईनं कापड तिच्या खांद्याला लावलं. खांदा थंड होता आणि एवढासा झाला होता. अंगठ्याच्या नखानं तिनं ओरखडा काढला, इथून इथं. एंजेलानं आईला हळूच कुशीवर धरलं तेव्हा पाठीचा काढला.

"हात वर करा, म्हनायची," रतनबाई म्हणाली. एंजेला मान खाली घालून धरून राहिली.

बाहेर येऊन ती पाटावर बसली. कात्री कापडाला लावली आणि काढून घेतली. पुन्हा लावली.

"रतने, काप की आता," कडूबाई म्हणाली. "ती काय उठून रागवनार हाय?"

"रागावली असती तर किती बरं झालं असतं."

पाठ आधी. मधोमध दुभंगून, नाड्यांसाठी. मग पुढचं. मुंड्याला घाई नाही. काय ऐकलं होतं आणि काय कांद्याच्या भावात वाहून गेलं होतं ते आठवत आठवत कात्री चालत होती, आणि सगळ्या बायका श्वास धरून बसल्या होत्या. बाही शेवटी. उरलेल्यात बाही बसली, कशीबशी, बोटभर कापड राहिलं. कडूबाईनं बाह्या उचलल्या, समोर धरल्या, खाली ठेवल्या आणि हळूच म्हणाली, "रतने. दोन्ही उजव्या."

रतनबाई त्या बाह्यांकडं बघत राहिली. आणि मग तिच्या पोटातून हसू फुटलं, दाबलं तरी दाबेना. खांदे हलायला लागले, पदर तोंडात कोंबला तरी आवाज बाहेर आला. मयताच्या घरात हसणारी बाई बघून पाळकसाहेबांच्या सौभाग्यवती उठून उभ्या राहिल्या. एंजेला आतून धावत आली. रतनबाईला सांगता येईना. एका हातानं ती बाह्या दाखवत होती आणि दुसऱ्यानं डोळे पुसत होती, आणि हसणं कुठं संपलं आणि रडणं कुठं सुरू झालं हे तिला स्वतःलाही कळलं नाही.

"दुसरं कापड आणायचं का?" कुणीतरी विचारलं.

रतनबाईनं एक बाही उचलली, उलटी केली आणि दुसरीशेजारी ठेवली. एक उजवी, एक डावी. "पांढऱ्याला उलटं-सुलटं नसतं," ती म्हणाली. जांभळ्या जरीकाठाला होतं. तेव्हा मरिया होती.

पुढचं सगळ्यांना येत होतं. कडूबाईच्या सुनेनं गळ्याची पट्टी केली, दोघींनी नाड्या वळल्या, हूक एका पोरीनं लावले, नुसते दाखवायचे. टिपा रतनबाईनं मारल्या. घरी जाऊन नाही. मरियाच्या मशीनवर, मरियाच्या दोऱ्यानं, मरियाच्या स्टुलावर बसून. मशीन आधी कुरकुरली, मग चालली.

ब्लाउज घेऊन एंजेला आणि दोन बायका आत गेल्या आणि दार लागलं. रतनबाई बाहेर उभी राहिली. आत जायचं धाडस तिला झालं नाही. शिवलेला ब्लाउज घालून बघायला दिल्यावर मरिया अशीच पडद्याबाहेर उभी राहायची, टेपेचं टोक दातात धरून. तेव्हा रतनबाईला त्याचं हसू यायचं.

दार उघडलं. एंजेला म्हणाली, "बसला, मावशी."

"वढावं न्हाई ना लागलं?"

"नाही. हातसुद्धा हलवायला लागला नाही."

रतनबाईनं मान हलवली. तिला आणखी काहीतरी विचारायचं होतं, पण ते एंजेलाला विचारण्यासारखं नव्हतं.

चर्चमध्ये ती अगदी मागच्या बाकावर बसली. कधी उठायचं, कधी बसायचं ते तिला माहीत नव्हतं. पुढच्यांचं बघून करता येईल. सहादेव शेजारी टोपी हातात घेऊन बसला. पुढं ओळीनं बायका, पांढरी पातळं, पांढरे ब्लाउज. बसल्या बसल्या रतनबाईच्या नजरेला समोर नुसत्या पाठी होत्या. आणि त्या सगळ्या पाठी तिच्या ओळखीच्या होत्या. तो गोल गळा, मानेखाली बरोबर तेवढाच उतरलेला. तो खांदा, कुणाचाही असो, न घसरणारा. शिवण ज्याची त्याची होती. कुणाची टीप वाकडी, कुणाची पट्टी आखडलेली, एकीची तर बाहीच चुरगळलेली. कापणं मात्र एकाच हाताचं होतं. पलीकडच्या ओळीत रंगीत साड्या, गल्लीतल्या बायका, त्यांचंही तेच. कडूबाईचा पिवळा तिला दुरून ओळखू आला; त्याची कतरण गोधडीत होती.

पेटी पुढं होती, झाकण अजून लावलं नव्हतं. एवढ्या बायकांत एकच ब्लाउज मरियानं न कापलेला होता, आणि तो तिच्या अंगावर होता. त्याच्या डाव्या खांद्याशी एक चुणी राहिली होती. रतनबाईनं ती टीप मारतानाच बघितली होती; उसवून पुन्हा घालायला वेळ नव्हता. इथून काही दिसत नव्हतं. एंजेलानं पातळाचा पदर तिथंच आणून टाकला होता, म्हणजे जवळून बघणाऱ्यालाही दिसली नसती.

पाळकसाहेबांनी गीत सांगितलं. सगळे उठले. रतनबाई जरा उशिरा उठली.